म्हाताऱ्या हाडाला जुनेच सिमेंट

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तारकर्लीच्या पुढे रस्ता जसजसा निमुळता होत जातो, तसतसे दोन्हीकडचे पाणी जवळ येते. पर्यटकाला त्यात गंमत वाटते. घरातले म्हातारे माणूस पडले की याच भूगोलाची किंमत कळते. गावाबाहेर पडायचे तर तारकर्लीवरून मालवण गाठायचे आणि तिथून पुढे ओरोसचे जिल्हा रुग्णालय, कुडाळ, नाहीतर शंभरेक किलोमीटरवरचे गोव्यातले बांबोळी.

पडणे तसे साधेच असते. पावसाळ्यात शेवाळलेली खळ्याची कड, न्हाणीतला ओला चिरा, वीज गेलेली असताना चुकलेली पायरी. पंच्याहत्तरी गाठलेली आजी घसरते, कुशीवर पडते आणि पाय उचलू म्हणता उचलत नाही. दुखरा पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला कलते. शेजारचा अनुभवी माणूस बघून सांगतो, खुबा गेला. मुलगा बहुधा मुंबईत असतो. त्याच्या फोनवर खर्चाच्या अंदाजाचा फोटो येतो. त्यात सांध्याच्या किमतीखाली ‘बोन सिमेंट’ अशी एक ओळ असते आणि कधी कधी तिच्यापुढे पर्यायही असतात: साधे, अँटिबायोटिकचे, दोन अँटिबायोटिकांचे, परदेशी बनावटीचे. चाकरमानी मुलगा तिकडून एवढेच म्हणतो, ‘‘पैशाचा बघू नका, बरा आसात ता घाला.’’

या वाक्यात माया आहे, आणि जे महाग ते बरे हे गृहीतकही आहे. हाडाच्या सिमेंटच्या बाबतीत हे गृहीतक जगात तपासले गेले आहे. त्यातून निघालेली उत्तरे सिंधुदुर्गातल्या घरांच्या उपयोगाची आहेत, कारण तिथे शस्त्रक्रियेचा खर्च म्हणजे एखाद्या होडीचे इंजिन किंवा दोन हंगामांची कमाई असते.

आधी हे सिमेंट म्हणजे काय ते पाहू. नावाने फसायला होते. त्यात चुनखडीही नाही आणि ते डिंकासारखे चिकटतही नाही. एका पुडीत सुमारे ४० ग्रॅम पांढरी पूड आणि सोबतच्या कुपीत २० मिलिलिटर उग्र वासाचा द्रव असतो. पूड म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट हे प्लास्टिक, आणि द्रव म्हणजे त्याच प्लास्टिकचा न जुळलेला कच्चा माल. दोन्ही एकत्र केले की आधी पातळ खीर, मग मळलेल्या पिठासारखा गोळा आणि दहा-बारा मिनिटांत दगड. घट्ट होताना ते चांगलेच तापते. न फुटणाऱ्या काचा आणि दातांच्या कवळ्या याच घराण्यातल्या. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांना हे द्रव्य सुचवले तेही मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या अभ्यासकाने. चार्नलींनी १९५८ पासून ते खुब्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला सुरुवात केली आणि आजचे खुब्याचे सांधेरोपण त्यांच्या कामावर उभे आहे. (त्यांच्याही आधी, १८९०च्या सुमारास, बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी हस्तिदंती सांधे बसवताना राळ, प्लास्टर आणि प्युमिस दगडाची पूड यांचे मिश्रण वापरून पाहिले होते. होड्यांच्या फटी बुजवणाऱ्या किनाऱ्याला राळ नवी नाही. हाडात मात्र ती टिकली नाही.)

सिमेंट हाडात धरते ते चिकटून नव्हे, तर भरून. मालवणच्या लोकांना हे समजावण्यासाठी समुद्रात बघायला सांगावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायात शिसे ओतले होते असे सांगतात. शिसे दगडाला चिकटत नाही. ते फटींत शिरते, थिजते, आणि मग लाटेला दगड हलवता येत नाही. मांडीच्या हाडाच्या आतला भागही जांभ्यासारखा सच्छिद्र असतो. मऊ असताना दाबून भरलेले सिमेंट त्या छिद्रांत बोटे रोवते आणि धातूच्या दांड्याला चहूबाजूंनी धरून ठेवते. म्हाताऱ्या हाडाची पोकळी रुंद आणि भिंत पातळ झालेली असते. अशा हाडात हा भराव फार मोलाचा ठरतो.

इथेच पहिली तुलना येते, आणि ती दोन सिमेंटांमधली नाही. सिमेंट घालायचे की नाही, हा आधीचा प्रश्न आहे. अंदाजाच्या कागदावर तो बहुधा नसतोच. सिमेंटविना बसवायचे सांधे मिळतात. त्यांचा दांडा पोकळीत ठोकून घट्ट बसवतात आणि त्याच्या खरखरीत किंवा लेप दिलेल्या पृष्ठभागावर पुढे हाड वाढते. ज्याचे हाड भरीव आहे आणि वाढायला तयार आहे, त्याला हे चालते. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून सांधा झिजलेला पंचेचाळिशीतला माणूस असेल, तर अनेक सर्जन त्याच्यासाठी सिमेंटविना सांधाच निवडतात आणि त्यांच्या बाजूने चांगली कारणे आहेत. प्रश्न पडलेल्या आजीचा आहे.

तिच्यासाठी ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. खुब्याच्या मानेचे हाड मोडलेल्या, साठीच्या पुढच्या १,२२५ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला सिमेंटने बसवलेला अर्धा सांधा मिळाला, तर दुसऱ्याला लेप दिलेला आधुनिक सिमेंटविना सांधा. चार महिन्यांनी सिमेंटवाल्या गटाचे रोजचे जगणे बरे होते. सांध्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण सिमेंट गटात ०.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के होते. वर्षभरात सिमेंट गटातले २३.९ टक्के आणि सिमेंटविना गटातले २७.८ टक्के रुग्ण दगावले. मृत्यूंमधला हा फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यावरून सिमेंट जीव वाचवते असे म्हणता येत नाही. पण सिमेंटने जीव जातो, ही भीती या आकड्यांत दिसत नाही.

ती भीती अगदीच निराधार मात्र नाही. पोकळीत सिमेंट दाबले की आतली चरबी आणि मज्जेचे कण रक्तात ढकलले जाऊन फुप्फुसात पोहोचू शकतात. त्या क्षणी रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरतो, क्वचित हृदय थांबते. असा प्रसंग एकदा पाहिलेला सर्जन पुढे सिमेंट टाळू लागला, तर त्याला दोष देणे सोपे नाही. पण यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. पोकळी नीट धुवायची. सिमेंट भरण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचे आणि त्याने त्या काही मिनिटांत नजर हलवायची नाही. हृदय फार कमजोर असेल तर दाब मर्यादित ठेवायचा. धोका थोड्या वेळाचा असतो आणि भूलतज्ज्ञ समोर उभा असतो. सिमेंट न घातल्याचा धोका घरी गेल्यावर येतो, तेव्हा आजीजवळ फक्त सून असते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. १९५०च्या आसपासचा ऑस्टिन मूर हा एकसंध धातूचा सांधा भारतातल्या सरकारी आणि लहान रुग्णालयांत दशकानुदशके वापरला गेला. तो स्वस्त, झटपट आणि सिमेंटविना बसणारा. ठिसूळ हाडात तो पुढे सैल होतो, मांडी दुखत राहते आणि म्हातारी माणसे ‘ऑपरेशननंतर असेच असते’ म्हणून गप्प बसतात. सिमेंटची एक पुडी वाचवण्याची ही किंमत रुग्णालयाच्या हिशेबात कधीच दिसत नाही. इतकी वर्षे ती आजीच्या पायाने भरली.

आता दुसरी तुलना, म्हणजे कोणते सिमेंट. बाजारातली प्रमुख सिमेंटे रसायन म्हणून सख्खी चुलत भावंडे आहेत. फरक असतात ते काही मोजक्या बाबतीत. एक म्हणजे दाटपणा: कोणते लवकर पिठासारखे होते, कोणते बराच वेळ पातळ राहते. दुसरी बाब, एक्स-रेत दिसण्यासाठी काय मिसळले आहे. पालाकॉसमध्ये झिर्कोनियम डायऑक्साइड असते, सिम्प्लेक्समध्ये बेरियम सल्फेट. पालाकॉसला क्लोरोफिलचा हिरवा रंगही दिलेला असतो, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली तर हाड कुठे संपते आणि सिमेंट कुठे सुरू होते ते सर्जनला दिसते. शिवाय अँटिबायोटिक आहे की नाही. ही भावंडे इतकी जवळची, की त्यांचे भांडण प्रयोगशाळेऐवजी न्यायालयात गेले. हेरायस कंपनीची व्यापारी गुपिते बायोमेटने वापरली, असा निकाल २०१४ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने दिला.

सगळ्यांनी पाळायचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आयएसओ ५८३३ म्हणते, घट्ट झालेल्या सिमेंटने किमान ७० मेगापास्कल दाब आणि ५० मेगापास्कल वाकवणारा ताण सोसला पाहिजे. हे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. त्याचा धडा बोनलॉकने दिला.

बोनलॉक हे डेन्मार्कमध्ये तयार झालेले सिमेंट १९९१ मध्ये बाजारात आले. जुन्या सिमेंटवरचे दोन आक्षेप त्याने दूर केले होते. ते घट्ट होताना कमी तापत असे आणि त्यातून कच्चे रसायन कमी झिरपत असे. कागदावर ते जुन्यापेक्षा सरस होते आणि सर्जनांनी ते विश्वासाने वापरले. पण नॉर्वेत १९८७ पासून खुब्याच्या सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंद ठेवली जात होती. कोणत्या रुग्णाला कोणता सांधा आणि कोणते सिमेंट, आणि तो सांधा पुन्हा उघडावा लागला का, एवढ्या साध्या गोष्टी त्या वहीत होत्या. थोड्याच वर्षांत वही सांगू लागली की बोनलॉकने बसवलेले सांधे भराभर सैल होत आहेत. १९९५ मध्ये ते बाजारातून गेले. प्रयोगशाळेत मोजलेल्या दोन गुणांच्या मोबदल्यात, शरीरात वर्षानुवर्षे पावले सोसण्याचा तिसरा गुण गमावला होता, आणि तो मोजायला माणसेच लागली.

त्याच नोंदवहीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. चार्नली पद्धतीच्या हजारो सांध्यांची तुलना केली, तेव्हा पालाकॉस आणि सिम्प्लेक्स ही जुनी, दाट किंवा मध्यम दाट सिमेंटे टिकली आणि काही पातळ सिमेंटे मागे पडली. पातळ सिमेंट छिद्रांत खोल शिरेल, ही कल्पना सुचायला सोपी होती. हाडात रक्त वाहत असते आणि पातळ सिमेंटमध्ये ते सहज मिसळते, हे मागाहून कळले.

देवबागच्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारे घातले गेले. त्यांची पारख कुणी निविदेतले दगडाचे वजन वाचून करत नाही. किती पावसाळे उभा राहिला, हे गाव मोजते. हाडातल्या भरावाची परीक्षाही पावसाळे मोजूनच होते. म्हणून ‘नवे’ हा शब्द सिमेंटच्या बाबतीत गुण मानू नये. नवे म्हणजे ज्याचे पावसाळे अजून मोजलेले नाहीत ते.

राहिला अँटिबायोटिकचा प्रश्न. बिलावरचा मोठा फरक बहुधा इथेच पडतो. सिमेंटमध्ये औषध मिसळण्याची कल्पना हॅम्बुर्गच्या बुखोल्त्स यांची. १९७०च्या सुमारास त्यांनी जेंटामायसिन मिसळलेले सिमेंट वापरात आणले. सिमेंटची उष्णता सोसून हे औषध टिकते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत सांध्याभोवती झिरपत राहते. सांध्यात पू होणे हे सर्जनचे आणि रुग्णाचे सर्वांत वाईट स्वप्न असते, त्यामुळे शिरेतून दिलेल्या औषधाच्या जोडीला हा पहारा असणे शहाणपणाचे आहे. नॉर्वेच्या नोंदींनीही त्याला दुजोरा दिला.

मग एक पहारेकरी चांगला तर दोन अधिक चांगले, असे म्हणत जेंटामायसिन आणि क्लिंडामायसिन दोन्ही जास्त मात्रेत असलेली सिमेंटे आली. त्यांचीही चाचणी झाली. ब्रिटनमधल्या २६ रुग्णालयांत खुबा मोडलेल्या ४,९२० रुग्णांवर झालेल्या या तुलनेचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. नव्वद दिवसांत खोलवर जंतुसंसर्ग झालेल्यांचे प्रमाण एका अँटिबायोटिकच्या गटात १.७ टक्के, तर दोन अँटिबायोटिकांच्या गटात १.२ टक्के होते. दिसायला दुसरा आकडा लहान आहे, पण हा फरक योगायोगापेक्षा वेगळा आहे असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. विक्रेत्याच्या तक्त्यावर हेच आकडे ‘संसर्ग जवळपास एक तृतीयांशाने कमी’ असे छापता येतात, आणि वजाबाकी-भागाकार पाहिला तर ते खोटेही नसते. पण एवढ्या मोठ्या चाचणीतही जो फायदा ठामपणे दिसला नाही, त्यासाठी कुणी दागिना गहाण टाकू नये. पूर्वी सांध्यात संसर्ग झालेला आहे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया होत आहे, अशा रुग्णाचा विचार वेगळा. तिथे दोन औषधांना जागा आहे. पहिल्यांदाच पडलेल्या आजीला एक औषध असलेले जुने सिमेंट पुरे.

इथे एक घरगुती सवयही सांगायला हवी. काही ठिकाणी साध्या सिमेंटच्या पुडीत शस्त्रक्रियेच्या टेबलावरच अँटिबायोटिकची पूड हाताने मिसळतात. पैसे वाचतात हे खरे. पण मिश्रण सारखे होत नाही, आणि औषध जास्त पडले की सिमेंट कमजोर होते. काँक्रीटमध्ये वाळू जास्त पडली की काय होते, ते स्लॅब गळणाऱ्या घरातल्या माणसाला सांगायला नको.

सिमेंटच्या बिलावर न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ते कसे घातले. पोकळी धुऊन कोरडी केली का, खाली बूच बसवले का, सिमेंट पिचकारीने तळापासून वर भरत आणले का, घट्ट होईपर्यंत दांडा न हलवता धरला का. यात कोकणचा उन्हाळा स्वतःचा हिशेब घालतो. खोली जितकी गरम, तितके सिमेंट लवकर घट्ट होते. परदेशी पुस्तकातल्या मिनिटांचा तक्ता साधारण तेवीस अंशांच्या खोलीसाठी असतो. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या शस्त्रक्रियागृहात तीच पुडी हातातच दगड होऊ लागते. अनुभवी चमू अशा वेळी आधी थंड ठेवलेल्या पुड्या काढतो आणि घड्याळ मोठ्याने वाचतो. साधे सिमेंट आणि सवयीचे हात ही जोडी, उंची सिमेंट आणि नवखे हात यांच्यापेक्षा केव्हाही बरी. ‘कोणते सिमेंट?’ याऐवजी ‘महिन्याला असे किती खुबे इथे होतात?’ हा प्रश्न विचारणारे कुटुंब खऱ्या अर्थाने चौकस म्हणायला हवे.

वेळेचा हिशेब तर याहून कडक. ब्रिटनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात, दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी. अंथरुणात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीरात छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. आपल्याकडे पहिले दोन दिवस हाडवैद्याच्या पट्टीत जातात, पुढचे दोन मुलगा कोकण रेल्वेने येईपर्यंत, आणि त्यानंतर कुठे न्यायचे यावर घरात चर्चा. सिमेंटच्या दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक या चार दिवसांनी पडतो. (एक्स-रेत मोड खुब्याच्या मानेखाली, रुंद भागात निघाली तर बहुतेक वेळा सळई किंवा स्क्रू घालून हाड जोडतात. तिथे हे सिमेंट सहसा लागतच नाही. म्हणजे सिमेंटची चर्चा सुरू करण्याआधी एक्स-रे बघणे बरे.)

सिंधुदुर्गात ही चर्चा बरीच वर्षे एका शब्दात संपत असे: बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेजने जिल्ह्यातल्या कित्येक घरांना आधार दिला. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले, तेव्हा जिल्ह्यात उमटलेली नाराजी त्या आधाराची खोली दाखवून गेली. आता ओरोसला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. शस्त्रक्रिया योजनेच्या पॅकेजात बसत असेल तर सांधा आणि सिमेंट त्यातच येते, आणि ‘सिमेंटचे वेगळे आणा’ अशी चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती देण्याला योजनेत जागा नाही. ही गोष्ट दाखल होतानाच आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्यावी.

कायद्याने भारतात हाडाचे सिमेंट २००५ पासून औषधांत गणले जाते. तेव्हा केंद्राने स्टेंट, डोळ्यातली भिंगे, हृदयाच्या झडपा यांच्यासोबत सिमेंटही त्या यादीत घेतले. पण बाजारात येण्याचा परवाना एक गोष्ट आहे आणि शरीरात गेल्यावर माग ठेवणे दुसरी. त्या दुसऱ्या गोष्टीत आपण कुठे आहोत, ते एका खटल्याने दाखवले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. तो सदोष असल्याचा इशारा ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या सांधे नोंदणीने दिला होता. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने नेमलेल्या समितीने भरपाईची शिफारस केली, पण बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. तो सांधा ज्यांच्या शरीरात आहे, त्यांना शोधायला वही नव्हती. उद्या एखादे सिमेंट बोनलॉकसारखे निघाले, तर आपल्याला ते कळणार कुणाकडून?

सांधेरोपण सर्जनांच्या भारतीय संघटनेची एक नोंदणी आहे, पण ती स्वेच्छेची. जो सर्जन काळजीने नोंद करतो, त्याचे निकाल बहुधा मुळातच चांगले असतात, आणि पडलेल्या आजींचे खुबे जिथे बसवले जातात ती लहान रुग्णालये अशा वहीत फारशी येत नाहीत. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्यांची नोंद सुरू केली तेव्हा हाताशी आजचे संगणक नव्हते. महाराष्ट्रात योजनेखालच्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे बिल आज ऑनलाइन जाते. त्याच बिलात सांध्याचा आणि सिमेंटचा क्रमांक भरणे सक्तीचे केले, तर काही वर्षांत राज्याकडे स्वतःची वही असेल. त्यात कोकणच्या उष्म्यात मिसळलेली सिमेंटेही असतील आणि मांडी घालून बसणारी, पाटावर जेवणारी, होडीत चढणारी माणसेही असतील. ही माहिती नॉर्वेला कधीच मिळणार नाही. २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. खुब्याचे सांधे त्या आदेशात नव्हते. किंमत उतरवणे चांगलेच, पण काय टिकते हे ठाऊक नसेल तर स्वस्तात काय घेतो आहोत तेही ठाऊक नसते.

तोपर्यंत ही वही घरोघर ठेवावी लागेल. प्रत्येक सांध्याच्या आणि सिमेंटच्या खोक्यात चिकटपट्टीच्या छोट्या चिठ्ठ्या असतात. त्यांवर नाव, क्रमांक आणि तारीख छापलेली असते. एक चिठ्ठी रुग्णालयाच्या कागदांवर लागते. दुसरी डिस्चार्ज कार्डावर लावून मागता येते, आणि मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. घरी आल्यावर ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे आणि त्याचा फोटो मुंबईतल्या मुलाकडेही असावा. देवबागसारख्या गावात पावसाळ्यात घरात पाणी शिरते, कागद भिजतात, आणि आजीचा दुसरा खुबाही त्याच वयाचा असतो.